सुविचार आणि औषध

शाळेच्या फळ्यावर असतो तसा सुविचार माझ्या दवाखान्याच्या भिंतीवरही आहे. तो वाचून रुग्ण विचारतात, "डॉक्टरसाहेब, अशा वाक्यांनी खरंच फरक पडतो का?" पडतो, पण सर्वांना सारखा नाही.

परीक्षेची धास्ती, धंद्यातली खोट अशा वेळी चांगले वाक्य मनाला धीर देते व माणूस पुन्हा कामाला लागतो. मात्र कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळेच आढळले. स्वतःला कमी लेखणाऱ्यांनी 'मी इतरांना आवडण्याजोगा आहे' अशा अर्थाचे वाक्य मनाशी घोकले, तेव्हा त्यांना अधिकच वाईट वाटले. तोंड एक म्हणते, मन दुसरेच सांगते. त्याचाच हा त्रास असावा.

म्हणून घरातील कोणी दोन आठवडे सतत उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर 'मन खंबीर कर' एवढे सांगून थांबू नका. तो नैराश्याचा आजार असू शकतो. 'साखर उतरेल' असे घोकून मधुमेह बरा होत नाही, तसेच हे आहे. समुपदेशन व औषधे यांनी बहुतेकांना आराम पडतो. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, त्या मनाने बंद करू नयेत. जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलणे कधीही थट्टेवारी नेऊ नका. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

सुविचार जरूर लिहा. पण आजाऱ्याला आधी डॉक्टरकडे न्या, सुविचार नंतर ऐकवा.