आपले शेत कोणत्या पट्ट्यात?

गगनबावडा ते शिरोळ हे अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. तेवढ्यात वार्षिक पाऊस पाच हजार मि.मी.वरून पाचशे-सहाशेवर येतो. मग खताची आणि पाण्याची एकच शिफारस दोन्हीकडे कशी चालावी?

राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्पाच्या काळात पाऊस, जमीन व पीकपद्धती पाहून महाराष्ट्राचे ९ कृषी हवामान विभाग पाडण्यात आले. कोल्हापूर जिल्ह्यात त्यांपैकी घाटमाथा, उपपर्वतीय व मैदानी असे पट्टे येतात. विभाग कळला म्हणजे सगळे कळले असे मात्र नाही. त्याखाली शेताचा उतार, मातीची खोली आणि निचरा पाहावा लागतो. भूमि उपयोगिता वर्गीकरणात जमिनीचे ८ वर्ग आहेत. पहिले चार लागवडीस योग्य, पुढील चार गवत, झाडे व वन्यजीवांसाठी.

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडील जांभ्या जमिनी आम्लधर्मी असतात. लोह व ॲल्युमिनियममुळे तेथे स्फुरद अडकून पडते. खाचरात भात, वरकस उतारावर नाचणी-वरी ही जुनी मांडणी योग्यच आहे. सड्यावरील उथळ माती मात्र नांगरू नये. ती एका पावसात कुंभी, कासारी, तुळशी, भोगावतीतून पंचगंगेत जाते.

खरी चिंता शिरोळची. भारी काळी जमीन, निचरा मंद, त्यात उसाला सरसकट भरपूर पाणी. क्षार वर आले आणि पिकाऊ राने पडीक झाली. येथेही आधी प्रकार ओळखा. विद्युतवाहकता ४ डेसिसायमनहून जास्त पण सामू ८.५ च्या आत व विनिमययुक्त सोडियम १५ टक्क्यांहून कमी असेल तर जमीन क्षारयुक्त. तिला जिप्सम टाकणे म्हणजे पैसा पाण्यात; तिला चर आणि गोड्या पाण्याने धुणे हवे. सोडियम १५ टक्क्यांहून जास्त व सामू ८.५ च्या वर असल्यास जमीन चोपण. तेथे जिप्सम लागते, पण निचऱ्याची सोय झाल्यावरच. नंतर धैंचा गाडावा.

एकट्याने चर खणून भागत नाही. पाणी खालच्या रानातूनच ओढ्याला जाणार, म्हणून शिवारातील सर्वांनी मिळून आखणी करावी. त्यासाठी उन्हाळ्यात खड्डा घेऊन ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सें.मी. थरांचे वेगवेगळे नमुने तपासणीस द्यावेत.