कागद तपासायचे कोणी?

आपल्या मोहल्ल्यांतून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेला जाणाऱ्या मुलामुलींची संख्या आता थोडीथोडकी राहिलेली नाही. निघताना आई बॅगेत लोणचे, मसाला आणि जानमाज ठेवते. अब्बा मात्र पुन्हा पुन्हा एकच गोष्ट बजावतात, "पासपोर्ट सांभाळ, कागद जवळ ठेव." त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे १८ वर्षांवरील परदेशी माणसाने आपल्या नोंदणीचा कागद सतत जवळ बाळगायचा असतो.

पण हा कागद मागण्याचा हक्क कोणाचा? गाडीचा मागचा दिवा बंद आहे म्हणून थांबवणाऱ्या गावच्या पोलिसाचा, की त्या कामासाठी नेमलेल्या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याचा? वरवर पाहता हा सरकारी खात्यांमधला वाद वाटतो. प्रत्यक्षात त्याच्यावर लाखो कुटुंबांची झोप अवलंबून आहे, म्हणून तो समजून घेतला पाहिजे.

एक देश, हजारो पोलीस

अमेरिकेत ५० राज्ये आहेत. बहुतेक राज्यांत अनेक परगणे, म्हणजे काउंटी. बहुतेक काउंटींत लोकांनी मते देऊन निवडलेला शेरीफ असतो आणि काउंटीचा तुरुंग सहसा त्याच्या ताब्यात असतो. याशिवाय शहरांचे पोलीस वेगळे, राज्याचे वेगळे. परदेशी नागरिकांना शोधणे, अटक करणे आणि परत पाठवणे हे काम मात्र केंद्र सरकारच्या खात्याचे. २००३ पासून हे काम करणाऱ्या खात्याला 'आइस' म्हणतात. या खात्याचे अधिकारी हजारोंत, तर गावोगावचे पोलीस लाखोंच्या घरात. म्हणून केंद्राला या लाखो हातांचा मोह होतो आणि काही राज्यांना वाटते की केंद्र ढिलाई करते, तर आम्हीच का करू नये?

बंदरावर अडवलेल्या २२ महिला

हा वाद जुना आहे. सुरुवातीच्या काळात न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स यांसारखी राज्येच बंदरावर उतरणाऱ्या प्रवाशांकडून कर घेत. १८७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात 'जपान' नावाची आगबोट लागली. तिच्यात चीनहून आलेल्या २२ महिला होत्या. कॅलिफोर्निया राज्याच्या अधिकाऱ्याने त्यांच्याकडे पाहून ठरवले की या बदचलनीच्या आहेत. राज्याच्या कायद्याने त्याला तसे ठरवण्याचा अधिकार दिला होता. प्रत्येक महिलेमागे ५०० डॉलरचे हमीपत्र द्या, नाहीतर त्यांना उतरू देणार नाही, असे त्याने आगबोटीच्या कप्तानाला सांगितले. पुरावा काही नव्हता. एका माणसाची नजर हाच पुरावा!

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८७६ मध्ये न्यायालयाने एकमताने राज्याचा कायदा रद्द केला. न्यायमूर्ती सॅम्युअल मिलर यांच्या निकालाचा आशय साधा होता. परक्या देशाच्या माणसाशी वाईट वागल्याचा जाब तो देश विचारील, तर तो संपूर्ण अमेरिकेला विचारील, एकट्या कॅलिफोर्नियाला नाही. मग एका राज्यातल्या एका मूर्ख किंवा दुष्ट अधिकाऱ्याच्या हाती सगळ्या देशाची इज्जत कशी ठेवायची? जबाबदारी ज्याची, अधिकारही त्याचाच असला पाहिजे.

हे तत्त्व आजही टिकून आहे. मात्र यातून केंद्र सरकार म्हणजे दयाळू, असा अर्थ कोणी काढू नये. १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा वॉशिंग्टनच्या काँग्रेसनेच केला. १९१७ मध्ये त्याच काँग्रेसने आशियाच्या मोठ्या भागाला दार बंद केले. त्यात हिंदुस्थानही होता. १९४६ मध्ये ते किलकिले झाले, तेही वर्षाला अवघ्या १०० हिंदी माणसांपुरते.

अॅरिझोनाचा प्रयोग

२०१० मध्ये मेक्सिकोच्या सीमेवरील अॅरिझोना राज्याने आपला स्वतंत्र कायदा केला. पोलिसांनी एखाद्याला कोणत्याही कारणाने थांबवले आणि तो बेकायदा राहत असल्याचा संशय आला, तर त्याचे कागद तपासलेच पाहिजेत, असे त्यात होते. नोंदणीचा कागद जवळ नसणे आणि परवान्याशिवाय काम मागणे हे राज्याचे गुन्हे ठरवले गेले.

राज्याची बाजू ऐकून घेतली पाहिजे. माणसांची चोरटी ने-आण करणाऱ्या टोळ्या त्यांच्या वाळवंटातून जात होत्या. खर्च राज्याच्या माथी पडत होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्लेखोरांपैकी काही जणांना हल्ल्याआधी स्थानिक पोलिसांनी वाहतुकीच्या नियमभंगासाठी थांबवले होते, हा मुद्दाही या बाजूचे लोक नेहमी मांडतात. घराचे दार उघडे राहिले तर शेजारच्याने हाक तरी मारू नये का, असा त्यांचा सवाल असतो.

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. समोर आलेल्या चार कलमांपैकी तीन रद्द झाली. न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी एक गोष्ट स्पष्ट केली. परत पाठवण्याजोगा परदेशी माणूस देशात नुसता राहणे हा सर्वसाधारणपणे फौजदारी गुन्हा नाही. तो दिवाणी स्वरूपाचा मामला आहे. कोणाला पाठवायचे, कोणाला थांबू द्यायचे, कोणाचे मूल आजारी आहे, कोणाच्या देशात जिवाला धोका आहे, हा विचार केंद्राने करायचा. कागद तपासण्याचे कलम मात्र न्यायालयाने तूर्त राहू दिले आणि त्याचा वापर भेदभावासाठी झाला तर पुढे दाद मागता येईल, असे सांगितले.

त्याच राज्यातल्या मॅरिकोपा काउंटीचा शेरीफ जो अर्पायो या कामासाठी देशभर गाजला होता. २०१३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने ठरवले की त्याची माणसे लॅटिनो दिसणाऱ्यांच्या गाड्या वेगळ्या काढून थांबवत होती. त्यांत अमेरिकेचे नागरिकही होते. न्यायालयाने हे थांबवायला सांगितले तरी थांबले नाही, म्हणून २०१७ मध्ये तो अवमानाबद्दल दोषी ठरला. पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याला माफी दिली. खटल्याचा आणि सुधारणांचा कोट्यवधी डॉलरचा भुर्दंड काउंटीच्या करदात्यांवर पडला.

२०११ मध्ये अलाबामा राज्याने शाळेत नव्याने दाखल होणाऱ्या मुलांच्या नागरिकत्वाची नोंद घ्यायला सांगितले. ते लागू होताच शेकडो मुले शाळेत येईनाशी झाली. त्यांतली कितीतरी अमेरिकेतच जन्मलेली होती. भीती आईबापांच्या कागदांची होती, शाळा मात्र लेकरांची सुटली. पुढे न्यायालयाने ते कलम थांबवले.

ठाण्याचे दार

माझ्या मते या वादातला सर्वात वजनदार मुद्दा पोलीस ठाण्याच्या दाराचा आहे. नवरा मारहाण करतो, मालक पगार बुडवतो, गल्लीत कोणी चाकू दाखवतो. अशा वेळी माणूस धावत कोठे जाणार? जवळच्या पोलिसाकडेच. पण तोच पोलीस फिर्याद लिहून घेण्याआधी कागद मागणार असेल, तर ती बाई घरातच मार खात राहील. ज्याने गुन्हा पाहिला तो साक्ष द्यायला येणार नाही. गुंडाला आणखी काय हवे?

हे काही मानवी हक्कांच्या कार्यकर्त्यांचेच म्हणणे नाही. लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्याने १९७९ मध्येच हुकूम काढला की केवळ एखाद्याच्या वास्तव्याचा दर्जा शोधण्यासाठी कारवाई करायची नाही. तो काढणारे पोलीस प्रमुख डॅरिल गेट्स काही मवाळ म्हणून ओळखले जात नव्हते. त्यांना फक्त गुन्हे उकलायचे होते. २००० मध्ये काँग्रेसनेही गुन्ह्याला बळी पडून तपासात मदत करणाऱ्यांसाठी वेगळा 'यू' व्हिसा सुरू केला, तो याच कारणासाठी.

दुसरा मुद्दा चुकीचा. पेनसिल्व्हानियात २००८ मध्ये एका माणसाला केंद्राच्या सांगण्यावरून तुरुंगात जास्त काळ अडकवून ठेवले. तो न्यू जर्सीत जन्मलेला अमेरिकन नागरिक होता. केंद्र म्हणाले, आम्ही फक्त विनंती केली होती. काउंटी म्हणाली, आम्हाला हुकूम वाटला. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की ती विनंतीच होती, ती मानण्याची सक्ती नव्हती. दोन हातांत काम वाटले की जबाबदारी अशी मधल्या मध्ये पडते.

मग सगळे केंद्राकडे दिले की झाले?

नाही. आपल्या वाचकांना याचे कारण वेगळे सांगायला नको. २००२ मध्ये केंद्र सरकारने २५ देशांतून तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या, १६ वर्षांवरील पुरुषांसाठी खास नोंदणी सुरू केली. उत्तर कोरिया वगळता हे सारे देश मुस्लिमबहुल किंवा मोठी मुस्लिम वस्ती असलेले होते. पाकिस्तान आणि बांगलादेश त्या यादीत होते. अमेरिकेत राहणारे ८० हजारांहून अधिक पुरुष बोटांचे ठसे द्यायला स्वतःच्या पायाने कचेरीत गेले. कायदा पाळायला गेलेल्या या लोकांपैकी १३ हजारांहून अधिक जणांवर देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली. दहशतवादाचा गुन्हा या नोंदणीतून एकावरही शाबीत झाला नाही. २०११ मध्ये ती थांबवली आणि २०१६ मध्ये तिचा नियमच काढून टाकला. हे कोणत्याही शेरीफने केले नव्हते, वॉशिंग्टनने केले होते.

अशा वेळी राज्यांना एक हक्क उरतो, नाही म्हणण्याचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये बंदुकांच्या एका खटल्यात ठरवले की केंद्र आपले काम राज्याच्या अधिकाऱ्यांवर जबरदस्तीने लादू शकत नाही. त्याच आधारावर कॅलिफोर्निया आणि इलिनॉय या राज्यांनी २०१७ मध्ये आपल्या पोलिसांना परदेशी नागरिकांच्या कारवाईपासून बऱ्याच अंशी दूर ठेवणारे कायदे केले. इलिनॉयच्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर रिपब्लिकन पक्षाचे होते.

दुसरीकडे १९९६ च्या कायद्यातले २८७(जी) हे कलम स्थानिक पोलिसांना केंद्राशी करार करून हे काम करू देते. २०२५ च्या सुरुवातीला असे करार दीडशेच्या आत होते. वर्षभरात ते एक हजाराच्या वर गेले. म्हणजे आज शिकागोत राहणारी भाची आणि ह्यूस्टनमध्ये राहणारा पुतण्या एकाच देशात असूनही गावच्या पोलिसाकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतात. मुले पाठवताना विद्यापीठाबरोबर राज्याचीही चौकशी करावी. कागदांच्या प्रती घरी ठेवाव्यात, मुदती पाळाव्यात. विचारले असता खोटे बोलू नये, खोटा कागद दाखवू नये आणि वकिलाशी बोलण्याची मागणी शांतपणे करावी.

आपल्या अंगणात

आपल्या राज्यघटनेनेही परदेशी माणसे, नागरिकत्व, पासपोर्ट आणि व्हिसा हे विषय केंद्राकडे ठेवले आहेत आणि पोलीस राज्याकडे. केंद्राने परदेशी नागरिक शोधून परत पाठवण्याचे अधिकार राज्यांना सोपवले आहेत आणि आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार १९४६ च्या कायद्याने त्या माणसावरच टाकला. याचा परिणाम २०२५ च्या जूनमध्ये दिसला. मुंबई परिसरात मजुरी करणारे पश्चिम बंगालचे काही मुसलमान बांगलादेशी समजून पकडले गेले आणि सीमेपलीकडे ढकलले गेले. त्यांच्या गावाहून कागद आले, त्यांच्या राज्याने पाठपुरावा केला, तेव्हा ते परत आले. पकडणारे राज्याचे पोलीस, ढकलणारे केंद्राचे दल आणि सोडवणारे दुसरे राज्य. ऐकून मात्र आधी कोणीच घेतले नव्हते.

अशा वेळी हबशाच्या नजाशीची आठवण होते. मक्केतला जुलूम सोसवेना तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांचे काही साथीदार समुद्र ओलांडून हबशात गेले. कुरैशांनी त्यांना परत आणायला दोन माणसे पाठवली. त्यांनी आधी दरबारच्या सरदारांना नजराणे दिले. यांचे काही ऐकू नका, सरळ आमच्या हवाली करा, एवढेच त्यांचे मागणे होते. सरदार कबूलही झाले. नजाशीने मात्र साफ सांगितले की माझ्या देशात आसरा घेणाऱ्यांना मी त्यांचे ऐकल्याशिवाय देणार नाही. मग हजरत जाफर (रजि.) भर दरबारात बोलले. ऐकल्यावर राजाने नजराणे परत केले आणि पाहुण्यांना अमान दिली.

सरदारांवर सोडले असते तर ते लोक त्याच दिवशी बेड्या घालून मक्केला गेले असते. म्हणून माझे मत असे की परक्या माणसाचा निर्णय देशाच्या एकाच जबाबदार हाती असावा, त्या हातावर न्यायालयाची नजर असावी आणि गावच्या पोलिसाने चोर-दरोडेखोर पकडावेत. आणि निर्णयाआधी त्या माणसाचे ऐकून घेतलेच पाहिजे.

कुरआनने बातमी आली की शहानिशा करण्याची ताकीद दिली आहे, ती आपल्यालाही लागू आहे. आपल्या शेजारच्या बांधकामावर दूरच्या राज्यातून आलेला मजूर वेगळ्या बोलीत बोलतो, म्हणून "हा नक्की बाहेरचा" असे आपणही कधी सहज म्हणून जातो. आपले मूल ह्यूस्टनमध्ये ज्या नजरेला घाबरते, ती नजर आपल्या डोळ्यांत येऊ नये, एवढी दुआ तरी आपण आज करूया.