रंग मारायचाय? आधी गंज काढा!

पोळ्याला आता लातूर-नांदेडच्या अनेक गावांत बैलांसोबत ट्रॅक्टरही सजतो. मग सुट्टीत गावी आलेली कॉलेजची पोरं स्प्रेचा डबा घेऊन जुन्या बॉनेटवर तुटून पडतात. पण थांबा! रंग टिकतो तो खालच्या तयारीवर. आधी ग्रीस-ऑइल धुवा, वायर ब्रश आणि पॉलिश पेपरनं गंज घासा, मग रेड ऑक्साइड प्रायमर. तो वाळला की रंगाचे दोन-तीन पातळ हात. एकच जाड हात दिला तर ओघळ येणारच. श्रावणातल्या दमट हवेत रंग पांढुरका पडतो, म्हणून उघडीप बघा.

आणि बंद खोलीत, चुलीजवळ तर नकोच. थिनरची वाफ पेट घेते, डोकं गरगरतं. तोंडाला बांधलेला रुमाल ही वाफ अडवत नाही. त्यामुळे अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून मारा. बॉनेट बिघडलं तर पुन्हा रंगवता येईल, फुप्फुसं नाही!