रस्ते चार, टायर एक : आठवडी बाजाराच्या गाडीला काय घ्यावे?

जालना जिल्ह्यात आठवडी बाजारावर पोट असलेल्या आपल्या बांधवांची संख्या मोठी आहे. बांगड्यांच्या पेट्या बांधून निघणारे मणियार, मोसंबी-केळीचे कॅरेट लादणारे बागवान, चपला, तयार कपडे, मसाले आणि प्लास्टिकची भांडी विकणारे फेरीवाले, सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे कारागीर, या सर्वांचे दुकान चाकांवर आहे. माल कोठून उचलावा, भाव काय ठेवावा, कोणत्या गावी कोणता माल खपतो, याचा विचार ही मंडळी रात्रंदिवस करतात. मात्र ज्या टायरवर हे दुकान उभे असते, तो घेताना “जो स्वस्त असेल तो टाका” एवढे सांगून ते मोकळे होतात. या सवयीने वर्षाकाठी किती पैसा जातो आणि जीवाला किती धोका होतो, हे ध्यानात यावे म्हणून आज आम्ही हा विषय घेतला आहे.

आपल्या जिल्ह्याचे चार रस्ते

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे भाग मिळून जालना जिल्हा झाला. आज त्यात आठ तालुके आहेत आणि जमीन सर्वत्र सारखी नाही. उत्तरेकडे भोकरदन, जाफराबादच्या बाजूला अजिंठ्याच्या डोंगराच्या सोंडा उतरतात. तेथे चढ-उतार, मुरूम आणि सुटी खडी. दक्षिणेकडे अंबड, घनसावंगी तालुक्यांत गोदाकाठची खोल काळी जमीन. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि मृगाचा पहिला पाऊस झाला की तीच माती फुगून चाकाला चिकटते. मधे जालना शहर. येथे लोखंडाचे कारखाने आणि भंगाराची वाहतूक असल्याने रस्त्यावर तारेचे तुकडे व लोखंडी कीस टायरची वाटच पाहत असतात. चौथा रस्ता म्हणजे गुळगुळीत डांबरी आणि सिमेंटचे महामार्ग. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग वाहतुकीस मिळाला. दुचाकी व तीनचाकींना तेथे प्रवेश नाही, पण चारचाकी टेम्पोवाले त्यावरून जातात.

ज्याच्याकडे चार गाड्या आहेत, तो चार रस्त्यांसाठी चार प्रकारचे टायर घेईल. आपल्या बहुतेक बांधवांकडे गाडी एक आणि टायरसाठी काढून ठेवलेली रक्कमही एकाच जोडीपुरती. म्हणून एका रस्त्यावर सर्वांत सरस ठरेल असा टायर शोधू नये. कोणत्याही रस्त्यावर दगा देणार नाही असा टायर शोधावा.

आधी वहीत आठवडा मांडा

दुकानात जाण्यापूर्वी एक काम घरी करावे. वहीत आपले आठवड्याचे बाजार लिहावेत आणि प्रत्येक बाजारासमोर डांबरी किती, मुरमाचा किती आणि मातीचा किती किलोमीटर, हे मांडावे. अनेकांना या हिशेबाचे नवल वाटेल. “आमचा सगळा रस्ता खराब” असे म्हणणाऱ्याचे आठवड्याचे २०० किलोमीटर धरले, तर त्यातले १६० डांबरीच निघतात. अशा माणसाने शेतात चालणारा जाड खाचांचा टायर घेतला, तर डांबरावर तो आवाज करील, लवकर झिजेल आणि तेल जास्त खाईल.

मात्र केवळ किलोमीटर मोजून भागत नाही. शेवटचे दोनच किलोमीटर मातीचे असतील आणि पावसात तेथेच गाडी रुतून बाजार बुडत असेल, तर त्या दोन किलोमीटरचे वजन वेगळे धरावे लागते. निवडीची कसोटी म्हणूनच दुहेरी आहे : बहुतेक अंतर कोणत्या रस्त्यावर जाते आणि नुकसान कोणत्या रस्त्यावर होते.

नक्षी पाहून टायर घ्या

टायरच्या नक्षीचे ढोबळमानाने तीन प्रकार. पहिला, लांबीच्या दिशेने सरळ पट्टे असलेला. तो डांबरावर हलका पळतो, वळणावर हँडलचे ऐकतो, पण चिखलात त्याच्या बारीक खाचा भरून जातात आणि चाक जागीच फिरते. दुसरा, आडव्या खोल खाचांचा, ज्याला दुकानदार लग म्हणतात. दुचाकीत याच्याच जातीचा तो बटन टायर. खाचा रुंद असल्याने चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो व पुन्हा पकड मिळते. पण ओल्या गुळगुळीत डांबरावर त्याचा रबर कमी टेकतो, म्हणून ब्रेक मारताना सावध राहावे लागते. तिसरा, मधे पट्टा आणि कडेला खाचा असलेला सेमी लग. आपल्या जिल्ह्यासारख्या मिश्र रस्त्याला हाच सर्वांत उपयोगी, असे आमचे मत आहे.

मोटारसायकलवाल्यांना आणखी एक सोय आहे. पुढचे चाक दिशा देते, मागचे चाक जोर लावते. म्हणून पुढे पट्ट्यांचा आणि मागे खाचांचा टायर ठेवला, तर थोड्या खर्चात दोन्ही कामे साधतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. भर पावसात खोल काळ्या मातीत छोट्या गाडीचा कोणताच टायर चालत नाही. तेथे गाडी डांबरावर उभी करून माल डोक्यावर किंवा बैलगाडीने नेणे हाच शहाणपणा. पावसाळ्यातल्या अशा चार-सहा फेऱ्यांसाठी वर्षभराचा टायर बिघडवून घेऊ नये.

रेडियल की नायलॉन?

टेम्पोवाल्यांचा हा नेहमीचा प्रश्न. नायलॉनच्या टायरमध्ये धाग्यांचे थर एकमेकांवर तिरपे असतात आणि त्याच्या बाजू जाड असतात. खडीचा मार आणि दगडाचा काप तो बराच सोसतो. रेडियलमध्ये धागे आडवे सरळ व वर पट्टा असतो. तो कमी तापतो, जास्त किलोमीटर देतो आणि तेलही वाचवतो, पण त्याची बाजू पातळ असते. बाजूला खोल काप गेला की तो टायर बहुधा बादच होतो. महामार्गावरून संभाजीनगर, नागपूरकडे माल नेणाऱ्याने रेडियल घ्यावा. भोकरदन-जाफराबादच्या आडवाटांवर ज्याचा निम्म्याहून अधिक प्रवास आहे, त्याला नायलॉन परवडतो. मात्र एकाच ॲक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन कधीही लावू नये. दोन्हींची पकड वेगळी असल्याने ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते.

ट्यूबलेसबद्दलही विचारणा होते. खिळा घुसला तरी ट्यूबलेसमधली हवा सावकाश जाते, त्यामुळे भंगाराच्या रस्त्यावर तो सोयीचा. पण दगडावर आदळून रिम वाकली, तर कडेने हवा गळू लागते आणि खेड्यात त्यावर उपाय मिळणे कठीण. तारांच्या चाकाला साधारणपणे ट्यूबच लागते, हेही लक्षात असावे.

टायरवरचे आकडे वाचायला शिका

टायरच्या बाजूला त्याची सारी माहिती कोरलेली असते. मोटारसायकलच्या टायरवर ८०/१००-१८ असे असेल, तर ८० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, १०० म्हणजे रुंदीच्या शेकड्यात उंची आणि १८ म्हणजे रिमचे इंच. त्यापुढचा आकडा भाराचा असतो. उदाहरणार्थ, ७५ असेल तर तो एक टायर पुरेशा हवेवर ३८७ किलो वजन पेलू शकतो. गाडीचे व मालाचे वजन मिळून किती होते, हे या आकड्याशी पडताळून पाहावे. कंपनीने गाडीसाठी ठरवलेल्या आकड्यापेक्षा कमी भाराचा टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

दुसरा महत्त्वाचा आकडा तारखेचा. चार अंकी आकड्यात पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष दाखवतात. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. रबर नुसते पडून राहिले तरी कडक होत जाते आणि मराठवाड्याच्या उन्हात हे लवकर घडते. नवा म्हणून दिलेला टायर चार-पाच वर्षांचा निघाला, तर तो परत करावा. आयएसआयची खूणही पाहून घ्यावी.

पैशाचा हिशेब

टायरची किंमत विचारून थांबू नये. किंमत भागिले किलोमीटर असा हिशेब करावा. समजा, एक टायर १,८०० रुपयांचा असून १८,००० किलोमीटर चालतो; दर किलोमीटरला १० पैसे पडले. दुसरा २,४०० रुपयांचा असून ३०,००० किलोमीटर चालतो; तो ८ पैशांतच पडला. जो महाग वाटला, तोच स्वस्त ठरला. आता समजा, स्वस्त टायर रुतल्याने पावसाळ्यात एकच बाजार बुडाला आणि त्या दिवशीची १,००० रुपयांची कमाई गेली. दोन टायरांतला ६०० रुपयांचा फरक एका दिवसात धुऊन निघाला. शिवाय नासलेल्या फळांचा हिशेब निराळा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. म्हणजे २,००० रुपये मूळ किमतीचा टायर पूर्वी २,५६० रुपयांना पडे, तो आता २,३६० रुपयांना पडतो. भाव विचारताना हे ध्यानात ठेवावे आणि पक्के बिल घ्यावे. बिलाशिवाय कंपनी टायरची तक्रार ऐकत नाही.

एकदम रक्कम नसते म्हणून काही बांधव हप्त्याने टायर घेतात आणि व्याजात अडकतात. त्यापेक्षा दर बाजाराच्या दिवशी २० रुपये वेगळ्या डब्यात टाकावेत. आठवड्याला पाच बाजार धरले, तर वर्षाला ५,२०० रुपये होतात. मोटारसायकलच्या दोन टायरांना एवढे पुरेसे आहेत आणि व्याजाचा डागही नाही.

रिमोल्ड आणि जुना माल

टेम्पोच्या मागच्या चाकांना चांगला रिमोल्ड टायर चालतो, मात्र मूळ सांगाडा शाबूत असला पाहिजे. बाजूला फुगवटा, आत तुटलेले धागे किंवा गेटर बसवलेला टायर रिमोल्डसाठी घेऊ नये. पुढच्या चाकांना आणि दुचाकीला रिमोल्ड लावणे म्हणजे जीवाशी खेळ आहे. झिजेची मर्यादाही कायद्याने ठरलेली आहे : दुचाकी-तीनचाकीला खाच किमान ०.८ मिलिमीटर आणि इतर वाहनांना १.६ मिलिमीटर हवी.

जे बांधव जुने टायर विकतात, त्यांना एक विनंती. मालातला दोष ग्राहकाला दाखवूनच माल विकावा, ही आपल्या दीनची शिकवण आहे. आतला काप झाकून, वरून काळा रंग मारून विकलेल्या टायरवर एखाद्याचे कुटुंब बसलेले असते. असल्या कमाईत बरकत कोठून येणार?

हवा आणि हात

चांगला टायरही हवेवाचून वाया जातो. हवा कमी असली की टायरच्या बाजू सतत दुमडतात, तापतात आणि सिमेंटच्या रस्त्यावर वेगात असताना फुटतात. टायर थंड असताना, म्हणजे फजरनंतर गाडी काढण्यापूर्वी हवा मोजावी. माल भरलेला असेल तर कंपनीने भारासाठी सांगितलेली हवा ठेवावी. उन्हात चालून आल्यावर वाढलेली हवा काढून टाकू नये. टायर थंड झाला की ती कमी पडते. हवा मोजण्याचे छोटे मीटर फारसे महाग नसते आणि पहिल्याच वर्षात ते आपली किंमत वसूल करून देते.

शेवटी आमच्या पंक्चर काढणाऱ्या बांधवांविषयी. “पंक्चरवाला” हा शब्द काही लोक हिणवण्यासाठी वापरतात. वास्तविक कोणता टायर कोणत्या गावच्या रस्त्यावर किती टिकतो, कोठे कापतो, कोठे फुगतो, हे या माणसाइतके कोणालाच ठाऊक नसते, कारण फाटलेला प्रत्येक टायर त्याच्याच हाती येतो. त्याने हे ज्ञान वहीत उतरवावे, खरे मीटर ठेवावे, दोष दिसला तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावा आणि सल्ल्यासाठी येणाऱ्याला विश्वासाने मार्ग दाखवावा. अशा दुकानावर दहा गावचे गिऱ्हाईक येईल. आणि बाजार करणाऱ्या बांधवांनीही नवा टायर घेण्यापूर्वी मोठ्या शोरूमच्या आधी या माणसाला विचारावे. आपल्या वहीतला आठवडा त्याच्यासमोर ठेवावा, त्याची वही पाहावी आणि मगच पैसे मोजावेत.