दुसऱ्या व्हायोलिनचे मानकरी मेहली मेहता

वाद्यवृंद संचालक झुबिन मेहता यांचे वडील, एवढीच मेहली मेहता यांची ओळख बहुतेकांना असते. ती अपुरी आहे. मुंबईच्या पारशी कुटुंबात १९०८ साली जन्मलेल्या मेहलींनी शिक्षण घेतले हिशेबनिसाचे, पण जीव रमला व्हायोलिनमध्ये. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. त्याच्या तालमी कानावर पडतच झुबिन लहानाचे मोठे झाले.

दोन व्हायोलिन, एक व्हिओला व एक चेलो अशा चार तंतुवाद्यांचा मेळ म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट. अठराव्या शतकात हायडनने त्याला घडीव रूप दिले. बीथोव्हेनने तर या प्रकारात सोळा रचना केल्या. येथे छडी घेऊन उभा राहणारा संचालक नसतो. वाद्यवृंदात एकच स्वरावली अनेक जण वाजवतात, त्यात एखाद्याची चूक खपून जाते. क्वार्टेटमध्ये ती लपत नाही. लय कोठे ओढायची, कोठे सैल सोडायची, हे एकमेकांचा श्वास आणि गजाची हालचाल पाहून ठरते. आपल्याकडे तबलजी गायकाच्या समेचा अंदाज घेतो, तसेच काहीसे. मात्र येथे प्रत्येक स्वर कागदावर आधीच लिहिलेला असतो. तरीही दोन चमूंचे वादन कधी सारखे होत नाही!

मुंबईत या संगीताला रसिक होते, पण केवळ त्यावर चरितार्थ चालवणे कठीण होते. मेहली १९४५ मध्ये इव्हान गॅलामियन यांच्याकडे शिकण्यासाठी न्यूयॉर्कला गेले. मुंबईला परतल्यावर काही वर्षांनी, १९५५ मध्ये, त्यांनी मँचेस्टर गाठून हॅले ऑर्केस्ट्रात स्थान मिळवले. १९५९ मध्ये फिलाडेल्फियाच्या नामांकित कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये त्यांना जागा मिळाली, ती दुसऱ्या व्हायोलिनची. आपल्या शहरात क्वार्टेट स्थापणारा हा कलावंत तेव्हा पन्नाशी ओलांडून गेला होता.

दुसरे व्हायोलिन म्हणजे दुय्यम वादन नव्हे. पहिले व्हायोलिन धून रंगवत असताना खालच्या पट्टीत तिला आधार देणे, मधले स्वर भरणे आणि धून हाती आली की तितक्याच डौलाने ती उचलून पुन्हा सोपवणे, हे त्याचे काम. कान सतत इतर तिघांकडे लागलेला हवा. मेहलींनी हे पाच वर्षे केले. १९६४ मध्ये ते लॉस एंजेलिसला गेले आणि अमेरिकन यूथ सिम्फनी स्थापन करून तीन दशकांहून अधिक काळ तरुण वादकांना घडवत राहिले.

२००२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधीच, १९९५ मध्ये, त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान मुंबईत सुरू झाले होते. पाश्चात्त्य अभिजात संगीताचे धडे मुलांना तेथे मिळतात.