अरगॉन कालमापन : वयवितरण आलेख कसा वाचावा?

पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे ज्वालामुखीय राखेचा थर असून त्याच्या सान्निध्यात अश्युलियन परंपरेची दगडी हत्यारे सापडली आहेत. १९८९ मध्ये या राखेचे वय सुमारे १४ लाख वर्षे, तर १९९५ मध्ये ६.७ लाख वर्षे सांगण्यात आले. रासायनिक घटनेवरून काही संशोधकांनी ती सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरविली. भारतातील मानवी वस्तीची प्राचीनता अशा आकड्यांवर अवलंबून असते.

पोटॅशियम-४० या किरणोत्सारी समस्थानिकाचा अर्धायुकाल सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. त्याच्या काही भागापासून अरगॉन-४० तयार होतो. तप्त शिलारसातून हा वायू निसटतो; थंड झालेल्या स्फटिकात मात्र तो साठत जातो. अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्याने पोटॅशियम-३९ चे अरगॉन-३९ मध्ये रूपांतर करतात आणि लेसरने एकेक स्फटिक वितळवून दोन्ही अरगॉनांचे गुणोत्तर मोजतात. त्यामुळे प्रत्येक स्फटिकाचे वय त्रुटिमर्यादेसह स्वतंत्रपणे मिळते.

आलेखात आडव्या अक्षावर वय व उभ्या अक्षावर सापेक्ष संभाव्यता असते. प्रत्येक मापनाचा घंटाकृती वक्र काढून सर्व वक्रांची बेरीज केली जाते. एकच अरुंद व सममित शिखर आल्यास ते सामान्यतः उद्रेकाचे वय मानले जाते. जुन्या वयाकडे लांबलेले शेपूट पूर्वीच्या खडकांतील स्फटिकांची भेसळ किंवा अडकून राहिलेला जादा अरगॉन सुचविते. तरुण वयाकडील शेपूट बहुधा अपक्षयामुळे अरगॉन निसटल्याचे चिन्ह होय. म्हणूनच सर्वांत तरुण स्फटिकाचे वय डोळे झाकून स्वीकारता येत नाही.

सरासरी तर अधिकच फसवी. ७५ हजार वर्षांच्या नऊ स्फटिकांत ८ लाख वर्षांचा एकच मिसळला, तरी साधी सरासरी सुमारे १ लाख ४८ हजार वर्षे येते. त्या काळात उद्रेक झालेलाच नसतो! अनेक कण एकत्र वितळविल्यास ही भेसळ दिसतही नाही. शिखराच्या उंचीबाबतही सावधगिरी हवी. अत्यंत अचूक मोजलेला एकच स्फटिक उंच सुळका निर्माण करतो; त्यामुळे शिखरामागील स्फटिकांची संख्या तपासणे अगत्याचे ठरते.

राख नदीने वाहून आणली असेल, तर तरुण शिखर थराच्या वयाची केवळ कमाल मर्यादा सांगते. थर त्याहून जुना नसतो. परंतु तो, आणि त्यातील हत्यारे, त्याहून बरीच अलीकडची असू शकतात.