दात काढताना टोचतात ते औषध आणि स्तनाचा कॅन्सर

या पानावर आम्ही लागण, खोडवा, हुमणी यांवर लिहितो. या खेपेस विषय वेगळा आहे. जनावरांच्या गोचीड-जंतांवरचे आयव्हरमेक्टिन माणसाच्या कॅन्सरवर चालते, अशी चर्चा हल्ली ऐकू येते. तेव्हा थोडे खुलाशाने लिहितो.

जुने औषध नव्या रोगाला लागू पडते हे खरे आहे. थॅलिडोमाइड ही 1957 साली पश्चिम जर्मनीत विक्रीला आलेली झोपेची गोळी. गरोदर बायकांनी घेतल्याने हजारो मुले अधू हातापायांची जन्मली आणि 1961 साली ती तिथे बंद झाली. तीच गोळी 2006 साली अमेरिकेत मायलोमा या कॅन्सरवर मंजूर झाली.

आपल्या मुंबईचे उदाहरण तर त्याहून सांगण्याजोगे. लिग्नोकेन म्हणजे दात काढताना हिरडीत टोचतात ते बधिरीचे औषध. जनावरांचे डॉक्टरही शिंग काढताना वापरतात. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी स्तनाचा कॅन्सर असलेल्या सुमारे 1600 बायकांवर त्याची चाचणी घेतली. निम्म्यांना शस्त्रक्रियेआधी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती ते टोचले, निम्म्यांना नाही. कुणाला टोचायचे ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. आपण खताच्या पट्ट्याशेजारी बिनखताचा पट्टा ठेवतो ना, तसेच हे. नाहीतर कसदार जमिनीचे श्रेय खतच खाऊन जाते! पाच वर्षांनी टोचलेल्यांपैकी शंभरात सुमारे 90 हयात होत्या, न टोचलेल्यांपैकी 86. निकाल 2023 साली छापून आला. शंभरात चार बायका जास्त, आणि औषधाचा खर्च अगदी किरकोळ.

मात्र लक्षात घ्या, शस्त्रक्रिया दोन्हीकडे झालीच होती. इंजेक्शन तिच्या जोडीला होते, तिच्या ऐवजी नव्हे.

आयव्हरमेक्टिनचे तसे नाही. प्रयोगशाळेत त्याने कॅन्सरच्या पेशी मेल्या, पण तिथे फिनेलनेही मरतील. माणसाचा कॅन्सर त्याने बरा होतो हे सिद्ध झालेले नाही. जनावराचा डोस माणसाने घेतला तर झटके येतात, शुद्ध हरपते. शिवाय त्या नादात महिने जातात आणि गाठ वाढत राहते ती वेगळीच.

स्तनातली गाठ पुष्कळदा दुखत नाही, म्हणून ऊस तुटून जाईपर्यंत थांबू नये. महात्मा जोतिराव फुले योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया बसतात. लिग्नोकेनची चाचणी आधी किमो न घेतलेल्या, सुरुवातीच्या टप्प्यातल्या बायकांवर झाली होती. आपल्या रुग्णाला ते चालेल का, हे शस्त्रक्रियेची तारीख ठरतानाच सर्जनला विचारावे.